दोष हाताचा की साधनाचा?

प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर हातात घेतला की पहिली गोष्ट कोणती करावयाची, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्याचे दोन्ही जबडे एकमेकांना टेकवून शून्यावर शून्य येते की नाही, हे पाहावयाचे. शून्य जुळत नसेल, तर त्या साधनात शून्यदोष आहे. मग तुम्ही कितीही काळजीपूर्वक मोजा, प्रत्येक मापन तेवढ्याने चुकणारच. अशा वेळी आपण विद्यार्थ्याला दोष देत नाही. साधनाचा दोष मोजतो, वहीत लिहितो आणि उत्तरातून वजा करतो.

आज घराघरांत एक नवे साधन आले आहे. मोबाइलवरील ॲप आणि संगणकावरील संकेतस्थळ हे ते साधन होय. परीक्षेचा निकाल त्यावर पाहावयाचा, अकरावीचा प्रवेश त्यावर घ्यावयाचा, शेतातील पिकाची नोंद त्यावर करावयाची आणि किराणा दुकानाचे पैसेही त्यावरच द्यावयाचे. पण हे साधन अडले, की आपण शून्यदोष तपासत नाही. 'मला मोबाइल जमत नाही,' असे म्हणून शेतकरी फोन मुलाच्या हाती देतो. मुलालाही जमले नाही, तर 'सर्व्हर डाऊन आहे' एवढ्यावर विषय संपतो. दोष कोठे आहे, किती आहे आणि का आहे, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

हे प्रश्न विचारता येतात आणि त्यांची उत्तरे बहुधा नववी-दहावीच्या गणिताने व भौतिकशास्त्राने देता येतात. आपल्या महाराष्ट्रात घडलेली काही उदाहरणे घेऊन हे पाहू या.

गर्दीचा दोष

१६ जुलै २०२१ हा दिवस आठवा. कोरोनाच्या साथीमुळे त्या वर्षी दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली होती आणि शाळांनी केलेल्या अंतर्गत मूल्यमापनावरून निकाल तयार झाला होता. विद्यार्थी सुमारे पावणेसोळा लाख. दुपारी एक वाजता निकाल संकेतस्थळावर येणार, असे जाहीर झाले होते. एक वाजला आणि संकेतस्थळ ठप्प झाले. पुढे कित्येक तास बहुतेकांना आपले गुण दिसलेच नाहीत. त्याच महिन्यात अकरावीच्या सामायिक प्रवेश परीक्षेसाठी सुरू केलेले संकेतस्थळही अडचणींमुळे काही दिवस बंद ठेवावे लागले.

असे का व्हावे? संकेतस्थळामागे एक किंवा अनेक संगणक काम करीत असतात. त्यांना सर्व्हर म्हणतात. तुम्ही बैठक क्रमांक टाकून बटण दाबले की तुमची मागणी सर्व्हरकडे जाते, तो निकाल शोधतो आणि परत पाठवतो. म्हणजे सर्व्हर हा तिकीट खिडकीवरील कारकुनासारखा आहे. प्रत्येक ग्राहकाला थोडा वेळ लागतोच.

समजा, कन्हान स्थानकाच्या तिकीट खिडकीवर एका प्रवाशाला सरासरी अर्धा मिनिट लागते. म्हणजे तासाला जास्तीत जास्त १२० तिकिटे निघतील. प्रवासी ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी एकदम चार येतात, तर कधी काही वेळ कोणीच नसते. कोणाचे काम लवकर होते, कोणाला सुटे पैसे शोधावे लागतात. अशा स्थितीत रांगेत उभे राहण्यापासून तिकीट हाती पडेपर्यंतचा सरासरी वेळ काढण्याचे सूत्र सोपे आहे :

एकूण वेळ = एका तिकिटाचा वेळ ÷ (१ − भार)

येथे भार म्हणजे खिडकीच्या क्षमतेचा किती भाग वापरला जात आहे, ते. तासाला ६० प्रवासी आले तर भार ०.५ होईल आणि वेळ ३० ÷ ०.५ म्हणजे ६० सेकंद. १०८ प्रवासी आले तर भार ०.९ आणि वेळ ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे. ११४ आले तर दहा मिनिटे. भार ०.९९ झाला तर पन्नास मिनिटे! आणि रामटेकच्या त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला तासाला १५० प्रवासी येऊ लागले, तर हे सूत्र लागूच पडत नाही. दर तासाला रांग तीस माणसांनी वाढतच जाते.

या गणिताचा पाया डेन्मार्कमधील आग्नर एर्लांग या गणितज्ञाने घातला. कोपनहेगनच्या टेलिफोन केंद्रात किती तारा ठेवाव्यात, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्याचा पहिला निबंध १९०९ सालचा आहे. तेव्हा मोबाइल नव्हता आणि संगणकही नव्हता, पण रांग होती.

आता निकालाचा हिशेब करू. पावणेसोळा लाख विद्यार्थ्यांनी पहिल्या एका तासात एकेकदाच निकाल पाहिला, असे धरू. १५,७५,००० ला ३,६०० ने भागले की दर सेकंदाला सुमारे ४३७ मागण्या येतात. पण कोणी तासभर थांबते काय? पहिल्या पाच मिनिटांतच निम्मे विद्यार्थी आले, तर हा आकडा दर सेकंदाला २,६०० च्या वर जातो. शिवाय वडील आपल्या फोनवर आणि मामा आपल्या फोनवर पाहणार, ते वेगळेच. संकेतस्थळ नेहमीच्या दिवशी उत्तम चालत असेल, पण त्यावरून निकालाच्या दिवशी ते चालेल असे अनुमान काढता येत नाही. यात्रेची गर्दी आधीच माहीत असेल, तर जादा खिडक्या उघडाव्या लागतात. मंडळाची नऊ विभागीय मंडळे आहेत. विभागवार वेगळे सर्व्हर ठेवणे, एकच निकाल अनेक संकेतस्थळांवर देणे आणि प्रत्येकाचे निकालपत्र आधीच तयार करून ठेवणे, या साऱ्या जादा खिडक्याच होत.

पुन्हा पुन्हा दाबण्याचा दोष

पान उघडत नाही असे दिसले की आपण काय करतो? पुन्हा बटण दाबतो. पाच सेकंदांत तीनदा दाबतो. तिकीट खिडकीवर एकच माणूस तीन ठिकाणी रांगेत उभा राहिला, तर रांग तिप्पट होईल. येथेही तेच घडते. तुम्ही पहिली मागणी सोडून दिली असली, तरी सर्व्हरला ते कळत नाही. निघून गेलेल्या माणसासाठीही तो तिकीट फाडीतच राहतो.

ही सवय माणसांनाच असते असे नाही. आज्ञावल्यांनाही ती लावलेली असते. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआयने पैसे देण्याचे व्यवहार अडखळले. ही व्यवस्था चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाने कारण शोधले. काही बँकांच्या यंत्रणा 'अमुक व्यवहार पूर्ण झाला काय?' अशी विचारणा फार मोठ्या संख्येने, जुन्या व्यवहारांविषयीसुद्धा, पुन्हा पुन्हा करीत होत्या. चौकश्यांचाच भार फार मोठा झाला. त्यानंतर नियम आला, की पहिली चौकशी ९० सेकंद थांबूनच करावी आणि दोन तासांत तीनपेक्षा अधिक चौकश्या करू नयेत.

चांगल्या ॲपमध्ये हा संयम आधीच घातलेला असतो. पहिल्यांदा उत्तर आले नाही तर एक सेकंद थांबावयाचे, मग दोन, मग चार, मग आठ. त्यातही प्रत्येक फोनने थोडा कमीअधिक वेळ थांबावे, नाहीतर सारे फोन एकाच क्षणी पुन्हा दार ठोठावतील. दुसरी काळजी अशी, की प्रत्येक मागणीला मनीऑर्डरच्या पावतीसारखा स्वतंत्र क्रमांक द्यावयाचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवे काम न करता जुन्याचेच उत्तर द्यावयाचे. ही काळजी घेतली नाही, तर बटण दोनदा दाबणाऱ्याचे पैसे दोनदा कापले जातात आणि 'घाई कशाला केली?' असे वर ऐकावे लागते.

जागेचा दोष

आता शेतात जाऊ. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचे ॲप राज्यभर सुरू झाले. टाटा ट्रस्टच्या साहाय्याने ते तयार झाले होते. पूर्वी तलाठी करीत असत ती पिकाची नोंद आता शेतकऱ्याने स्वतः करावयाची, आणि त्यासोबत उभ्या पिकाचे अक्षांश-रेखांशासह छायाचित्र पाठवावयाचे. ही नोंद सातबाऱ्यावर चढते. नोंद नसेल, तर हमीभावाने धान विकताना किंवा अतिवृष्टीनंतर नुकसानभरपाई मागताना अडचण येते. म्हणजे पऱ्हाटी शेतात उभी असूनही कागदावर ती नाही, असे होऊ शकते.

फोनला आपली जागा कशी कळते? पृथ्वीभोवती सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह वेळेचे संदेश पाठवीत असतात. संदेश निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ यांतील फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की उपग्रहाचे अंतर मिळते. चार उपग्रहांची अंतरे मिळाली की जागा निश्चित होते. प्रकाश एका सेकंदाच्या दशलक्षांश भागात ३०० मीटर जातो. तेव्हा वेळेत एवढीशी चूक झाली, तरी तुमचे शेत शेजारच्या शेताच्याही पलीकडे जाईल! मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची जागा साधारण पाच मीटरच्या आत बरोबर येते. दाट झाडी किंवा भिंती असतील तर संदेश आपटून लांबच्या वाटेने येतो आणि चूक वाढते. फोन नुकताच सुरू केला असेल, तर पहिल्या काही सेकंदांत तो टॉवरवरून अंदाजाने जागा सांगतो. ती शेकडो मीटरनी चुकू शकते. ॲपने पहिलेच मापन घाईने उचलले, तर दोष ॲपचा आहे. तापमापी काखेत ठेवल्याबरोबर काढून वाचावी, तशी ती गोष्ट झाली.

दुसरा दोष आकड्यांचा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. कन्हान सुमारे २१.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे रेखांशाचा एक अंश १११ × कोज्या २१.२° म्हणजे सुमारे १०४ किलोमीटरचा होतो. आता ॲपने अक्षांश दोनच दशांश स्थळांपर्यंत साठवला, तर एका शेवटच्या अंकाची किंमत १.११ किलोमीटर होईल. तीन स्थळांना १११ मीटर, चार स्थळांना ११ मीटर, पाच स्थळांना १.१ मीटर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहितात. एक आर म्हणजे १० मीटर × १० मीटर. तेव्हा आरांत मोजलेल्या जमिनीसाठी चार दशांश स्थळेही काठावरची आहेत. हे गणित तुम्हांला येते. ते करून पाहिल्याशिवाय आज्ञावली लिहिली, तर मात्र बांधाच्या भांडणांना नवे निमित्त मिळेल.

येथे एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षी तक्रारी आल्या, मुदत वाढवावी लागली. १ ऑगस्ट २०२२ पासून ॲपची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात प्रत्येक गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश आधीच भरलेले होते. छायाचित्र काढणारा मध्यबिंदूपासून किती दूर आहे, हे पडद्यावर दिसू लागले. केलेली नोंद ४८ तासांत एकदा स्वतःच दुरुस्त करण्याची सोयही मिळाली. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून त्याला दुरुस्तीची वाट ठेवणे, हा गुणवत्तेचाच भाग आहे. खोडरबर नसलेली पेन्सिल वर्गात कोणी वापरीत नाही.

अक्षरांचा दोष

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. युनिकोड या जागतिक संकेतावलीत प्रत्येक अक्षराला क्रमांक दिलेला आहे. 'र' चा क्रमांक २३५२, 'ऱ' चा २३५३, हलन्त चिन्हाचा २३८१, 'ह' चा २३६१. आता 'वऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातील 'ऱ्ह' दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात २३५३, २३८१, २३६१ असे तीन क्रमांक येतात. दुसऱ्या प्रकारात २३५२, २३८१, ८२०५, २३६१ असे चार. यांतील ८२०५ ही डोळ्यांना न दिसणारी जोडखूण आहे. पडद्यावर दोन्ही आडनावे हुबेहूब सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी माणसे आहेत. कार्यालयात एका पद्धतीने नाव भरले आणि विद्यार्थ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधले, तर उत्तर येते : 'नाव सापडत नाही.' विद्यार्थी बिचारा पुन्हा पुन्हा शुद्धलेखन तपासत बसतो.

गंमत म्हणजे 'ॲप' या शब्दातच हा घोळ आहे. त्यातील 'ॲ' हे एकच अक्षर म्हणून २४१८ या क्रमांकाने लिहिता येते, किंवा 'अ', जोडखूण आणि चंद्र असे तुकडे जोडूनही लिहिता येते. चांगले ॲप शोध घेण्यापूर्वी अशी सारी रूपे एका ठरावीक रूपात आणून मगच तुलना करते. सेंटिमीटर आणि इंच यांची बेरीज करण्यापूर्वी आपण एकक सारखे करतो, तसेच हे आहे.

आणखी एक. आज सर्वत्र रूढ असलेल्या साठवणीच्या पद्धतीत रोमन लिपीच्या एका अक्षराला एक बाइट जागा लागते, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'कन्हान' या शब्दात क, न, हलन्त, ह, काना, न अशी सहा चिन्हे आहेत. म्हणजे अठरा बाइट झाले. 'ज्ञानेश्वर' या नावात दहा चिन्हे, म्हणजे तीस बाइट. नावाच्या रकान्याला तीसच बाइट ठेवले असतील, तर ज्ञानेश्वरचे नाव मावेल, पण वडिलांचे नाव व आडनाव बाहेर राहील. रोमन लिपीत भरणाऱ्याला मात्र काहीच त्रास होणार नाही. म्हणून ज्याने केवळ रोमन लिपीत तपासणी केली, त्याला हा दोष कधीच दिसणार नाही.

तोकड्या साधनावरील मोठे ओझे

मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारचे पोषण ट्रॅकर हे ॲप सुरू झाले. बालकांचे वजन, उंची, आहार यांची माहिती अंगणवाडी सेविकांनी त्यावर भरावयाची होती. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. त्यांच्या तक्रारी अशा होत्या : दिलेले फोन जुने व तोकड्या स्मृतीचे आहेत, ते तापतात आणि अडकतात, आणि ॲप इंग्रजीत आहे.

येथे विचार करण्यासारखा मुद्दा आहे. एखादी वस्तू चांगली आहे की नाही, हे कशावर ठरते? नव्या, महागड्या फोनवर, जलद नेटवर्कवर, इंग्रजी येणाऱ्याच्या हातात ॲप चालले, तर ते 'चालते' असे म्हणावे काय? सेविका ज्या फोनवर, ज्या गावात आणि ज्या भाषेत काम करतात, तेथे ते चालले तरच ते चालते. पुलाची ताकद त्याच्या सर्वांत कमकुवत भागावर ठरते, सरासरीवर नव्हे.

सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेचे एक आंतरराष्ट्रीय मानकही आहे. त्याचा क्रमांक २५०१०. काम बरोबर होणे, वेग, इतर यंत्रणांशी जुळणे, वापरण्याची सुलभता, भरवसा, सुरक्षितता अशा अनेक गुणांची यादी त्यात केलेली आहे. यांपैकी 'काम बरोबर होणे' हा एकच गुण बरेच जण तपासतात आणि बाकीचे गुण तपासण्याचे काम लोकांवर सोपवून मोकळे होतात.

मुंबई विद्यापीठाचे उदाहरण याच जातीचे आहे. २०१७ साली विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम मोठ्या प्रमाणावर लागू केली. उत्तरपत्रिका सतरा लाखांच्या घरात होत्या. निकाल अनेक आठवडे रखडले, पुढील प्रवेशासाठी विद्यार्थ्यांची धावपळ झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पडद्यावर तपासणी करणे ही कल्पना वाईट नव्हती. पण परीक्षानळीत झालेली क्रिया कारखान्याच्या टाकीत तशीच होईल असे नसते. म्हणून रसायनाचा कारखाना उभारण्यापूर्वी मधल्या आकाराचा प्रायोगिक संच चालवून पाहतात. शंभर, मग हजार, मग दहा हजार, अशा पायऱ्या येथेही हव्यात.

दोष कोणाचा, हे कसे ठरवावे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मापनातील चुका दोन प्रकारच्या असतात. एक यादृच्छिक : कधी इकडे, कधी तिकडे. दुसरी पद्धतशीर : नेहमी एकाच जागी, एकाच दिशेला. पहिली बहुधा हाताची असते, दुसरी बहुधा साधनाची.

समजा, एका ॲपवरील अर्जाच्या दहा पायऱ्या आहेत. तीन वेगवेगळी माणसे अर्ज भरताना कोठे ना कोठे अडली. त्यांची चूक केवळ गडबडीची असेल, तर कोणी दुसऱ्या पायरीला अडेल, कोणी सातव्या. तिघेही योगायोगाने एकाच पायरीला अडण्याची संभाव्यता किती? पहिला कोठेही अडो. दुसरा त्याच पायरीला अडण्याची संभाव्यता १/१०, तिसऱ्याचीही १/१०. म्हणजे दोन्ही मिळून १/१००. चार माणसे असतील तर १/१०००. तेव्हा गावातील चार माणसे सहाव्या पायरीलाच अडत असतील, तर 'लोकांना जमत नाही' हे उत्तर शास्त्रीय नव्हे. सहावी पायरी तपासली पाहिजे. येथे एक शंका निघेल, की सर्व पायऱ्या सारख्याच सोप्या कोठे असतात? शंका बरोबर आहे. पण एखादी पायरी इतरांपेक्षा इतकी अवघड का, हा प्रश्नही शेवटी पायरीलाच विचारावयाचा आहे.

उलट बाजूही लक्षात ठेवा. व्हर्नियर तिरपा धरून वाचला तर दोष हाताचाच. आधार क्रमांकाचे दोन अंक उलटसुलट भरले तर ॲप काय करणार? शास्त्राला ना हाताची बाजू घ्यावयाची आहे, ना साधनाची. निरीक्षणे घ्यावयाची, म्हणजे बाजू आपोआप कळते.

करून पाहा

तुमच्या वर्गात पाच-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटाने रोजच्या वापरातील एक ॲप निवडावे. पैशाचे किंवा खऱ्या सरकारी अर्जाचे ॲप प्रयोगाला घेऊ नये. टिपणवही, शब्दकोश, रेल्वेचे वेळापत्रक अशी ॲप चालतील. मग पुढील चाचण्या घ्या.

१. एखादी माहिती अर्धी भरा आणि फोनचे नेटवर्क बंद करा. दोन मिनिटांनी सुरू करा. भरलेली माहिती राहिली की गेली?

२. तेच काम नव्या फोनवर आणि घरातील सर्वांत जुन्या फोनवर करा. प्रत्येकी किती सेकंद लागले? पाच वेळा मोजून सरासरी काढा.

३. शोधाच्या जागी 'वऱ्हाड', 'पऱ्हाटी', 'शेतकऱ्यांना' हे शब्द वेगवेगळ्या कळफलकांनी लिहून पाहा. उत्तर तेच येते काय?

४. फोनमधील अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करा. एखादे बटण पडद्याबाहेर तर गेले नाही ना?

५. दुपारी उन्हात उभे राहून पडदा वाचा. कोणत्या रंगाची अक्षरे दिसेनाशी होतात?

६. घरातील आजोबांना किंवा आजींना एक काम सांगा आणि स्वतः गप्प बसा. त्या कोणत्या पायरीला थांबल्या, एवढेच टिपा. मदत करण्याचा मोह आवरा. ही सहाव्या क्रमांकाची चाचणी सर्वांत कठीण आहे!

निरीक्षणे तक्त्यात लिहा : दिनांक, वेळ, फोनचा प्रकार, ॲपची आवृत्ती, नेटवर्कची स्थिती, केलेल्या कृती क्रमाने, काय व्हावयास हवे होते, प्रत्यक्ष काय झाले, आणि पुन्हा केल्यावर तेच झाले काय. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. पुन्हा घडवून दाखवता येणारा दोष दुरुस्त करता येतो. 'ॲप बेकार आहे' या तक्रारीवरून जगातील कोणताही अभियंता काहीही दुरुस्त करू शकत नाही. मात्र 'अमुक आवृत्ती, अमुक फोन, नेटवर्क गेल्यावर तिसऱ्या पायरीवरील माहिती पुसली जाते, पाचपैकी पाच वेळा' एवढे लिहिले, तर त्याचे निम्मे काम झाले. असा तक्ता ॲपमधील मदत किंवा अभिप्राय या जागी पाठवता येतो, तसाच तो गावातील कार्यालयातही देता येतो.

शिक्षकांना एक सूचना. मापनातील चुका हा धडा शिकवताना हा प्रयोग जोडीला घ्यावा. उपकरणांची कपाटे रिकामी असलेल्या शाळेतही तो करता येतो.

विचार करा

१. एक सर्व्हर एका मागणीला ०.०१ सेकंद घेतो. दर सेकंदाला ८० मागण्या आल्या तर सरासरी एकूण वेळ किती? ९५ आल्या तर? १०५ आल्या तर काय होईल?

२. तुमच्या गावाच्या अक्षांशावर रेखांशाच्या एका अंशाचे अंतर काढा. ते अक्षांशाच्या अंशापेक्षा कमी का असते?

३. तुमचे संपूर्ण नाव देवनागरीत लिहिल्यास किती बाइट लागतील? मधल्या मोकळ्या जागेला एक बाइट धरा.

४. लघुसंदेशासाठी १४० बाइट जागा असते. देवनागरीत पाठवताना प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात. एका संदेशात किती चिन्हे मावतील? रोमन लिपीत प्रत्येक अक्षराला सातच बिट लागत असल्याने १६० अक्षरे मावतात. हा आकडा पडताळून पाहा.

पुढच्या वेळी घरात कोणी 'मला मोबाइल जमत नाही' असे म्हणाले, तर त्यांच्याजवळ बसा आणि एकच प्रश्न विचारा : 'कोणत्या पायरीला अडले?' उत्तर वहीत लिहून घ्या. मग तोच प्रश्न शेजारच्या तीन घरांत विचारा.